सहाव्या सिंफनीतलं वावधान

२७ मे, रात्री उशिरा

सध्या जळगावच्या यावल-रावेर पट्ट्यात वावधानाशिवाय, म्हणजे वादळी वाऱ्याशिवाय, कुणाच्या तोंडी दुसरा विषय नाही. केळीच्या बागा निसवल्यात, घड भरत आलेत आणि सातपुड्याच्या बाजूने आभाळ काळवंडलं की पोटात गोळा येतो. अशा दिवसांत बेथोवन या जर्मन संगीतकाराची सहावी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची अनेक भागांची रचना, लावायची म्हणजे खाजवून खरूज काढणं, कारण तिच्यातही वादळ आहे. पण लाईट गेली होती, उकडत होतं, गच्चीवर पडल्या पडल्या लावलीच.

ओढ्याकाठच्या दुसऱ्या भागात बासरी नाइटिंगेल होते, सनईसारखा ओबो लावा पक्षी होतो, क्लॅरिनेट कुकू घालतात. गोड आहे, पण मी त्यासाठी ऐकत नाही. मी ऐकतो तिसऱ्या भागासाठी. गावकऱ्यांचा नाच रंगात आलेला असतो आणि तो पुरा होतच नाही. मध्येच तुटतो आणि चौथा भाग, वावधान, सुरू. खाली चेलो आणि डबल बेस या जाड आवाजाच्या तंतुवाद्यांची गुरगुर सुरू होते. चेलो पाच सूर वाजवतात तेवढ्याच वेळात बेस चार वाजवतात, म्हणून एकही सूर धड वेगळा कळत नाही, नुसता घरघराट. लांब ढग वाजतात तेव्हा नेमकं हेच होतं. मग टिंपनी, म्हणजे मोठे नगारे. अख्ख्या सिंफनीत ती फक्त इथेच वाजते, आणि पिकोलो या छोट्या बासरीची किंकाळीसुद्धा. सगळं वावधान जेमतेम चार मिनिटांचं. केळीला तेवढं पुरतं. तिचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, मुळं वरवर, आणि वरून घडाचं ओझं.

अण्णा शेजारी बाजेवर होते. एक इयरफोन त्यांच्या कानात दिला. वादळ संपेपर्यंत गप्प ऐकलं, मग म्हणाले, "मंग? नुकसान किती झालं?"

काही नाही झालं, अण्णा. पुढे धनगराचं गाणं आहे, पाऊस थांबला म्हणून कृतज्ञतेचं. ते हसले आणि कूस बदलली. आमच्याकडे वादळानंतर तलाठ्याची वाट बघतात, पंचनाम्यासाठी.

खरं तर बेथोवनने आधीच सांगून ठेवलंय, हे चित्र काढण्यापेक्षा भावना व्यक्त करणं जास्त आहे. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात हे पहिल्यांदा वाजलं. रानात फिरायची त्याला फार आवड, पण रान त्याचं पोट भरत नव्हतं. त्यामुळे शेवटचा भाग मला नेहमी जरा लवकर सुखावल्यासारखा वाटायचा. आज मात्र ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांकडे लक्ष गेलं. तीन भाग ते गप्प असतात, वादळात पहिल्यांदा तोंड उघडतात, आणि वादळ सरल्यावर निघून जात नाहीत. त्या कृतज्ञतेच्या गाण्यातही आहेतच. म्हणजे गाणाऱ्याच्या अंगातली धडधड अजून पुरती गेलेली नाही. एवढं असेल तर मला तो धनगर पटतो.

लाईट आत्ता आली. सकाळी लवकर उठायचंय, नदीकडच्या बागेत घडांना बांबूचे टेकू लावायचे राहिलेत.