तपकिरी, पण कुठला?

शनिवार

बेडरूमला तपकिरी रंग द्यायचा, इथपर्यंत घरात एकमत झालं आहे. एकमत म्हणजे मी ठरवलं आणि नवरा म्हणाला, "तुला हवा तो दे, फक्त दिवाळीच्या आत आटप." खरी पंचाईत पुढेच आहे. शेड कार्ड उघडलं की तपकिरीची अख्खी भावकी समोर येते. बदामी, काथी, विटकरी, मातकट, चॉकलेटी, कॉफी, आणि प्रत्येकाची चुलत-मावस भावंडं वेगळीच. सगळे एकाच पानावर, सगळे सारखेच दिसणारे.

लेकीने फोनवर फोटोंचा रतीब लावलाय. पँटोन या रंगांची मानकं ठरवणाऱ्या कंपनीने 2025 चा रंग म्हणून 'मोका मूस' निवडल्यापासून ज्याच्या त्याच्या खोल्या तपकिरी झाल्यात, असं ती म्हणते. फोटो देखणे आहेत, नाही असं नाही. पण त्या खोल्यांत कुणी राहत असेल असं वाटत नाही. उशीखाली चार्जर नाही, खुर्चीवर न घडी केलेले कपडे नाहीत, कपाटावर बॅगा नाहीत. आमच्या खोलीत हे सगळं आहे आणि रंगकामानंतरही असणार आहे.

सासूबाईंचं मत वेगळं. "अगं, जन्म गेला मातीच्या भिंती सारवण्यात. इथे पुण्यात येऊन पुन्हा मातीच बघायची का?" त्यांचं माहेर कुडाळजवळचं. दिवाळीच्या आधी जोत्याला काव, म्हणजे तांबडी माती, लावायचं काम त्यांच्याकडे असायचं, त्यामुळे त्या रंगाचं कौतुक त्यांना शून्य. मला मात्र त्याच रंगाची ओढ. ज्यांनी तो कालवला नाही त्यांनाच तो आवडतो, असा त्यांचा टोमणा. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

रविवार

सकाळी काव या विषयावर सासूबाईंकडून बरंच ऐकलं. नाराज माणूसही आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की खुलतो. माती कुठली घ्यायची, ती भिजवून गाळून कशी घ्यायची, ओल्या भिंतीवर कशी दिसते आणि वाळल्यावर कशी. त्यांच्या भागातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांवर जे कावी काम दिसतं, तेही याच मातीचं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने नक्षी खरवडायची, की खालचा पांढरा उघडा पडतो. भर पावसाच्या मुलखात ते काम टिकलं, कारण रंग आणि गिलावा एकजीव झालेले असतात. शिवाय रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड, ते उन्हाने उडत नाही.

हे लोहच सगळीकडे आहे. गेरू, काव, पिवळी माती, अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे-पिवळे, सगळी त्याचीच रूपं. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती तांबडी होते. चित्रकारांच्या पेटीतला 'बर्न्ट सिएना' म्हणजे इटलीतल्या सिएना गावच्या नावाची अशीच भाजलेली माती. 'अंबर' या पेटीतल्या दुसऱ्या मातीत लोहाच्या जोडीला मँगनीज असतं, म्हणून ती जास्त काळपट. दुकानातल्या रंग कालवणाऱ्या टिंटिंग मशीनमध्येही तपकिरीसाठी मुख्यतः लाल ऑक्साइड, पिवळं ऑक्साइड आणि काळा यांचेच थेंब बेसमध्ये, म्हणजे मूळ रंगात, पडतात. म्हणजे कार्डावरच्या ढीगभर नावांना फसायचं नाही. या तिघांपैकी कुणाचा हात वर आहे एवढंच बघायचं. लाल वर असला की विटकरीकडे, पिवळा वर असला की खाकीकडे, काळा वर असला की करडेपणाकडे.

मला लालाकडे झुकणारा हवा, हे आज कळलं. का, ते खिडकीमुळे.

बुधवार

आमची खिडकी उत्तरेला आहे आणि बाहेर वर्षावृक्ष. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण 18.5 अंशांवर, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडून जातो. एरवी तो दक्षिणेलाच. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ या खोलीत थेट ऊन नाही. जो उजेड येतो तो आभाळाचा निळसर, आणि त्यातलाही निम्मा झाडाच्या पानांवरून परतून आलेला. कार्डावर मला सगळ्यात आवडलेला, पिवळ्याकडे झुकणारा मधाळ तपकिरी या खिडकीशी धरला आणि तो चक्क शेवाळी झाला. तोच स्वयंपाकघरात नेला, तिथे पूर्वेचं ऊन येतं, तर पुन्हा मधाळ. रंग तोच, कार्ड तेच.

दुकानदाराकडून छोटे सॅम्पल डबे आणले. पेंटरदादा म्हणाले, "ताई, भिंतीवरच पट्टे मारू." मी नको म्हटलं. भिंत सध्या पिस्ता रंगाची आहे. हिरव्याशेजारी ठेवला की कुठलाही तपकिरी आहे त्याहून लालच दिसणार, डोळ्यांची खोडच आहे ती. पिस्त्यावर बघून रंग पसंत करायचा आणि पिस्ता गेल्यावर नुसती माती उरायची, असं व्हायला नको. म्हणून दोन-दोन फुटांचे जाड पुठ्ठे घेतले, प्रायमर मारला, वर दोन हात दिले आणि चारी बाजूंनी पांढरी कड सोडली. हे पुठ्ठे खोलीभर फिरवता येतात, खिडकीसमोरच्या भिंतीवर, कपाटाशेजारी, पलंगाच्या डोक्याकडे. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे त्याच दिवशी निकाल लावण्यात अर्थ नाही.

तपकिरीची एक गंमत आहे. तो मुळात अंधारलेला नारिंगी. आजूबाजूला त्याच्याहून उजळ काहीतरी असेल तरच तो तपकिरी दिसतो. म्हणून लाल, हिरवा, निळा दिवा असतो, तपकिरी दिवा नसतो. पुठ्ठ्याची पांढरी कड हाताने झाकली तेव्हा हे नीट दिसलं, कड झाकली की रंग ढिला पडतो, उघडली की पुन्हा जागेवर येतो. तेव्हा छत पांढरटच ठेवायचं हे नक्की झालं. हल्ली छतासकट सगळी खोली एकाच रंगात बुडवायची फॅशन आहे. साडेनऊ फुटांच्या छताला ती झेपत नाही, असं माझं मत.

शुक्रवार, रात्री उशिरा

खरी परीक्षा आज झाली.

बेडरूममध्ये आम्ही दिवसा असतोच कुठे? सकाळी सातला उठून जे बाहेर पडतो ते रात्री दहाला आत. म्हणजे ही भिंत आयुष्यभर बघायची ती दिव्याखाली. तरी सगळे जण दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून रंग निवडतात. आज रात्री पुठ्ठे ओळीने लावले आणि ट्यूब लावली. आमची ट्यूब 6500 केल्विनची, पांढरीफेक. तिच्याखाली एकजात सगळे तपकिरी दोनदा उकळलेल्या चहासारखे दिसायला लागले. मग बाहेरचा 2700 केल्विनचा पिवळा बल्ब काढून टेबललॅम्पमध्ये बसवला आणि ट्यूब बंद केली. काय सांगू! लालाकडे झुकणारा जो होता, दुपारी थोडा दबलेला वाटलेला, तो पार उमलला. विटकरी मात्र एकदम भडकला, डोळ्यांवर येईल इतका. तो तिथेच बाद.

नवऱ्याला उठवून दाखवलं. "दिवा छान आहे," म्हणाला आणि झोपला. पण अगदीच चुकीचं नाही बोलला. रंगाच्या आधी दिवा बदलला असता तर पिस्तासुद्धा बरा दिसला असता, अशी शंका मलाही येऊन गेली. शंका बाजूला ठेवली. पिस्ता मला कधीच आवडला नव्हता, तो आधीच्या मालकांचा.

किती गडद, हाही प्रश्न सुटला. एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. 0 म्हणजे सगळा गिळणारा काळा आणि 100 म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. माझ्या मनात दहा-बाराच्या आसपासचा कॉफी रंग होता. पण उत्तरेच्या खिडकीला तो परवडणारा नाही, भर दुपारी दिवा लावावा लागेल. तिशीच्या आसपासचा चारी भिंतींना, आणि कॉफीची हौस पडद्यांवर. एकच भिंत गडद आणि तीन फिकट, हा प्रकार मला पटत नाही. अर्धवट पैसे संपल्यासारखा वाटतो.

रविवार

आज पेंटरदादांशी फिनिशवरून वाद. त्यांना सॅटिन हवं, पुसायला सोपं म्हणून. मला मॅट हवं, कारण सॅटिनच्या चकाकीत पुट्टीचा प्रत्येक चढउतार दिसतो आणि गडद रंगात तर जास्तच. पण दादांनी पलंगामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या दोघांच्या डोक्यांचे तेलाचे दोन गोल डाग, नवरा-बायकोचे शेजारी-शेजारी. "हे मॅटवर निघणार नाही ताई, घासलं तर तेवढाच भाग चमकायला लागेल." गप्प बसले. खोबरेल सोडणं शक्य नाही. शेवटी धुता येणारं मॅट घ्यायचं ठरलं, थोडं महाग पडेल, आणि पलंगाला उंच पाठ करून घ्यायची. सुताराचं काम वाढलं ते वाढलंच.

दादांकडून शिकलेल्या आणखी दोन गोष्टी इथे टिपून ठेवते. सगळे डबे एकाच वेळी मशीनवर काढायचे आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावायला घ्यायचे, नाहीतर दोन भिंतींत फरक दिसतो. आणि शेडचा कोड डब्याच्या झाकणावर नाही, डब्याच्या अंगावर लिहायचा, झाकणं बदलतात. दहा बाय बाराची खोली, दोन हातांना तीन-साडेतीन लिटर लागेल म्हणाले, चार लिटर घेऊ. उरलेला रंग डाग झाकायला होईल.

सासूबाईंनी शेवटी पुठ्ठा हातात घेतला. उजेडाकडे, सावलीकडे, जवळ, लांब, असा बराच वेळ फिरवला. "आमच्या कावेत थोडा चुना पडला ना, की असा व्हायचा," म्हणाल्या. आवडला का, विचारलं तर, "माझ्या खोलीला पांढराच हवा हो," एवढंच. शिवाय एक मुद्दा काढला जो कुठल्याच शेड कार्डावर नाही. या भिंतीवर बसलेला डास दिसणार कसा? पांढऱ्या भिंतीवर रॅकेट बरोबर पडतं. यावर अजून उपाय सापडलेला नाही. खिडकीला जाळी बसवायची तर झाडाकडचा उजेड आणखी कमी होणार, म्हणजे एलआरव्हीचं गणित पुन्हा मांडायला हवं.

उद्या सामान हलवायचं. कपाट भिंतीपासून ओढलं की मागे काय काय निघेल देव जाणे. नवऱ्याने जाहीर केलंय की पंखा पांढराच राहणार, नवा घ्यायचा नाही. बघू, आधी भिंती वाळू देत.