सगळ्या सरकारी वेबसाइट सारख्याच का दिसतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सरकारी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांना वेबसाइटवर मजकूर चढवायला शिकवणं हे माझं काम. रत्नागिरीत वर्ग घेतला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, रायगड घ्या, सिंधुदुर्ग घ्या, पार गडचिरोली घ्या, सगळ्या जिल्ह्यांच्या साइट सारख्याच. आपल्याला शोभेल अशी वेगळी का नाही करून घेत?"

सारख्या दिसतात, कारण त्या एकाच यंत्रणेवर उभ्या आहेत. एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, तयार केलेली 'एस-थ्री-वास' (S3WaaS) ही सरकारी कार्यालयांना तयार वेबसाइट पुरवणारी सेवा. सॉफ्टवेअर आणि त्याची देखभाल एनआयसीकडे. जिल्ह्याला मिळतं लॉगिन, मांडणीचे काही ठरलेले पर्याय आणि मजकुराची जबाबदारी.

वेगळ्या साइटचे हाल मी पाहिलेत. एका कार्यालयाने ठेकेदाराकडून देखणी साइट करून घेतली होती. ठेका संपला, पासवर्ड ठेकेदाराकडेच राहिला, अपडेट करायला कुणी उरलं नाही. पुढे त्या पानांवर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. माणूस सरकारी पत्ता पाहून निर्धास्तपणे क्लिक करतो, आणि त्याच्याच विश्वासाचा असा गैरफायदा घेतला जातो, याची मला चीड येते. सामाईक यंत्रणेत सुरक्षेची त्रुटी सापडली की ती मुळात एकदा दुरुस्त होते आणि सगळ्या साइटना लागू होते. मूळ यंत्रणा बसली तर सगळ्याच बसतील, हा धोका खराच. पण तिथे लक्ष ठेवायला पथक असतं. तालुक्याच्या कार्यालयात एकच ऑपरेटर, आणि त्याच्या डोक्यावर आणखी दोन टेबलांचं काम.

कोकणासाठी तर आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी माहिती शोधतो तो बहुतेकदा मुंबईतला चाकरमानी, घरी फोन लागत नाही म्हणून कासावीस झालेला. साइट ज्यावर चालते तो सर्व्हर इथल्याच एखाद्या कार्यालयात असता तर विजेबरोबर तोही गेला असता.

आता माझं खरं दुखणं. यंत्रणा कितीही चांगली असली तरी तिच्यात आपण काय भरतो? मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. तिचा आदेश चढतो स्कॅन केलेल्या, तिरक्या शिक्क्याच्या पीडीएफमध्ये. ते नुसतं चित्रच, म्हणून तो शोधून सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचू शकत नाही. कुणी जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, न बदलताच चिकटवतं आणि पानावर नुसती चिन्हं उमटतात. फोटोचं वर्णन लिहायला रकाना दिलेला असतो, तो रिकामाच. सरकारी वेबसाइटची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली. मजकूर कोणी लिहायचा, कोणी मंजूर करायचा, कधी तपासायचा, हे ठरवून ठेवा असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार अधिकाऱ्यांची यादी आपणहून प्रसिद्ध करायची असते. ती असते, पण कित्येकदा बदली होऊन गेलेल्यांची. गावाहून एसटीने आलेली बाई त्या नावाची चौकशी करत या टेबलावरून त्या टेबलावर फिरते.

म्हणून वर्गात मी आधी एक काम देते: आपल्या पानावरचा दूरध्वनी क्रमांक आत्ता, इथून लावून बघा. कुणी उचलत नसेल तर तिथूनच सुरुवात.

वेगळेपण हवंच असेल तर ते मजकुरात आणा. आंबा घाट चालू आहे का, खाडीवरची फेरीबोट आज सुटणार का, नियंत्रण कक्षात रात्री कोण आहे, हे साध्या मराठीत, तारीख घालून लिहा. त्यासाठी नवा ठेका काढावा लागत नाही. लॉगिन तुमच्याकडे आहेच.