पंप बसला, पण वीज कार्यालयाची पोच मिळेना

ह्यांना हृदयाचा पंप बसवला हे कळलं की लोक ऑपरेशनबद्दलच विचारतात. ते डॉक्टरांनी केलं, मी बाहेर खुर्चीत बसले होते. माझं डोकं अजून तापतं ते वीज कार्यालयातल्या एका टेबलाच्या आठवणीनं.

आजार थोडक्यात सांगते. डायलेटेड कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदय ताणून मोठं आणि अशक्त झालेलं. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं जेवढं रक्त बाहेर पडतं ते, १५ टक्के. फुफ्फुसांतला दाब इतका वाढलेला की प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालता येईना. म्हणून आधी एलव्हीएडी, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप. हा हार्टमेट ३ पंप डाव्या कप्प्यातून रक्त ओढून महाधमनीत सोडतो. आतलं चक्र चुंबकाच्या जोरावर तरंगत फिरतं, मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे. पोटातून एक वायर बाहेर येते, तिला ड्राइव्हलाइन म्हणतात. कमरेला कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारी छोटी पेटी, आणि दोन बॅटऱ्या. खर्च कोटीच्या घरात. तो कसा उभा केला ते परत कधीतरी, आत्ता लिहायची ताकद नाही.

ऑपरेशन झालं, हे वॉर्डात फेऱ्या मारायला लागले, आणि रुग्णालयातल्या कोऑर्डिनेटरनं घरच्या तयारीची यादी हातात ठेवली. घरात अर्थिंग असलेलं तीन पिनांचं सॉकेट, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा रिपोर्ट, आणि ‘या पत्त्यावर जीवनावश्यक उपकरण आहे’ असं वीज कार्यालयाला कळवल्याची पोच. त्याशिवाय डिस्चार्ज नाही. मागणी रास्तच होती. बॅटऱ्यांची भरलेली जोडी सतरा तासांपर्यंत चालते, पण झोपेत अलार्म ऐकू आला नाही तर? म्हणून रात्री पंप भिंतीतल्या विजेवरच ठेवायचा.

घर जुनं. इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला आणि म्हणाला, “ताई, तिसऱ्या भोकाला मागं वायरच नाही.” अंगणात खड्डा, मीठ, कोळसा, नवी वायर. ते काम पटकन उरकलं.

मग पोच. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला. “कसलं मशीन? ऑक्सिजनचं?” हृदयाचं, म्हटलं. “घरी दवाखाना काढताय? मग कमर्शियल मीटर लागेल.” दवाखाना नाही, नवरा आहे, असं सांगितलं. त्यांच्याकडच्या छापील फॉर्मात नवीन जोडणी, भारवाढ, नावात बदल एवढेच रकाने. आमचं दुखणं एकातही बसेना. “असा अर्ज आमच्याकडे नसतो,” म्हणाल्या. साहेब साइटवर. पुढच्या वेळी साहेब मीटिंगला. त्यानंतर कोणीतरी बिल नीट बघितलं आणि नवीनच निघालं: मीटर सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन कैक वर्षं झाली. “आधी नाव बदला.” म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, दिरांची सही. दीर नागपूरला. इकडे माणूस ठणठणीत, तरी खाटेचं भाडं रोज चढतंय, आणि हे फोनवर विचारतात, “आज काय म्हणाले?” त्या बाईंना माझा राग दिसत असणारच, पण सरकारी खुर्चीवर त्याचा ओरखडाही उठत नाही.

सुटलं कसं ते ऐका. फॉर्मचा नाद सोडला. साध्या कागदावर उपअभियंत्यांच्या नावे पत्र लिहिलं, वर ग्राहक क्रमांक, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि बिलाची झेरॉक्स, दोन प्रती. ते त्या टेबलावर न देता उपविभागीय कार्यालयात आवक-जावकला दिलं. तिथल्या माणसाचं काम शिक्का मारायचं, त्यानं मारला. मीटर कोणाच्या नावावर आहे हे विचारलंसुद्धा नाही. तीच पोच. तुम्ही पहिल्या दिवशीच तिकडे जा, आणि ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच जा, डिस्चार्जची वाट बघू नका.

खरा उपयोग झाला लाइनमनचा. त्याचा नंबर घ्याच. “वहिनी, उद्या दहा ते दोन लाइट नाही,” असा त्याचा आधीच फोन येतो.

सॉकेटचं राहिलं. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि पाहुण्यांना जाता-येता बटणं बंद करायची खोड. आम्ही ते बटणच काढून थेट जोडणी करून घेतली. बॅटऱ्या बदलताना एका वेळी एकच काढायची. कंट्रोलरमध्ये राखीव बॅटरी असते, पण ती पंधरा मिनिटांसारख्या वेळेपुरतीच. रक्त पातळ करायची गोळी आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर तपासणी चुकवायची नाही, ड्राइव्हलाइनचं ड्रेसिंग हात धुऊन, मास्क लावूनच. एमआरआय चालत नाही. आणि गल्लीतल्या डॉक्टरांना आधीच जाऊन सांगा. रक्त सलग वाहतं, त्यामुळं नाडी बहुतेक वेळा लागतच नाही, बीपीचं नेहमीचं मशीनही गोंधळतं, ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारा डॉपलर लागतो. आमच्याकडच्या डॉक्टरांनी मनगट धरलं आणि त्यांचाच चेहरा पांढरा पडला. आता ह्यांच्या खिशात मराठी आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड असतं, त्यावर रुग्णालयाचा नंबर.

नावबदलाचा अर्जही देऊन ठेवलाय. बिल अजून सासऱ्यांच्याच नावानं येतं.