टर्मिनलमधलं आर: मराठी कॉलम अखेर सरळ रेषेत आला, टीमक्समध्येसुद्धा

आर या सांख्यिकीच्या भाषेत टेबल छापलं की मराठी नावांमुळे पुढचे कॉलम वाकडे व्हायचे, ते सुटलं एकदाचं! सेटअप मागच्या वेळचाच आहे, डावीकडे निओव्हिम हा एडिटर, उजवीकडे टीमक्सच्या (एका टर्मिनलचे भाग, म्हणजे पेन, पाडणारा प्रोग्रॅम) पेनमध्ये रेडियन, म्हणजे आर चालवायचा जास्त सोयीचा कन्सोल, मधे एडिटरमधला कोड तिकडे पाठवणारं स्लाइम प्लगइन, आणि पावसाचा तोच डेटाफ्रेम, म्हणजे आरमधलं टेबल, ज्यात ठिकाणांची नावं देवनागरीत आहेत.

आधी किरकोळ गोष्टी. सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करून) गेल्यावर नावांऐवजी कंसात यू-प्लसवाले कोड दिसायचे ते थांबलं, तिथे लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) नुसतं सी होतं, एलसी-सीटाइप यूटीएफ-८ केलं आणि नावं दिसायला लागली. दुसरं, रेडियनच्या प्रोफाइलमध्ये एडिटिंग मोड व्हीआय करून टाकलाय, आता निओव्हिममधून इकडे आलो तरी बोटं अडखळत नाहीत, ज्यांनी अजून रेडियन घातलं नसेल त्यांनी पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) घालून बघाच, मल्टिलाइन फंक्शन वर जाऊन दुरुस्त करता येणं ही एकच सोय पुरेशी आहे. साधं आर वापरणाऱ्यांनी ऑप्शन्समध्ये सेट-विड्थ-ऑन-रिसाइझ ट्रू करा, पेन लहानमोठी केली की छापील रुंदी आपोआप बदलते.

आता मुख्य डोकेदुखी. प्रिंट केलं की पुण्याची ओळ बरोबर, साताऱ्याची वाकडी, महाबळेश्वरची त्याहून वाकडी. साध्या आरमध्येही तेच, म्हणजे रेडियनचा दोष नाही. एनचार हे आरचं लांबी मोजणारं फंक्शन लावून बघितलं. 'पुणे' म्हणजे ४ कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), १२ बाइट आणि रुंदी २, कारण उकार आणि मात्रा या शून्य रुंदीच्या धरल्या जातात. 'सातारा' म्हणजे ६ कोडपॉइंट आणि रुंदीही ६, कारण काना हा युनिकोडमध्ये जागा खाणारं चिन्ह आहे! आपल्या डोळ्यांना अक्षरं तीनच. महाबळेश्वर तर १० कोडपॉइंट, रुंदी ८, अक्षरं ६. आर त्याच्या तक्त्याप्रमाणे बरोबरच मोजतं हो, पण टर्मिनल जोडाक्षर जुळवून काढताना किती घरं (एका चिन्हाच्या रुंदीच्या जागा) वापरेल हे टर्मिनलच ठरवतं आणि तिथे दोघांचा हिशोब फिसकटतो.

पहिला उपाय स्ट्रिंगी या आर पॅकेजचा. त्यातलं बाउंडरीज मोजणारं फंक्शन कॅरेक्टर टाइप देऊन लावलं, महाबळेश्वरचे बरोबर ६ आले, खूश झालो, त्या हिशोबाने स्पेस भरल्या आणि टेबल आणखीच बिघडलं, कारण टर्मिनलही अक्षरं मोजत नाही, घरं मोजतं. (तसंही 'श्व' एक धरायचा की दोन, हा नियम युनिकोडच्या मुख्य प्रमाणात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, तेव्हा दुसऱ्या टूलमध्ये ७ दिसले तर दचकू नका.) स्प्रिंटएफ फंक्शनने पॅडिंग (स्पेस भरून रुंदी सारखी) करणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, ते कोडपॉइंट मोजतं, देवनागरीसाठी नकोच.

मग सुचलं की स्पेस भरायच्याच कशाला? टर्मिनलला थेट सांगायचं, विसाव्या घरात जा. एस्केप, चौकोनी कंस, २०, कॅपिटल जी. आरच्या कॅट फंक्शनने नाव छापा, मग हा सीक्वेन्स, मग आकडा. नाव कितीही घरं खाऊ दे, आकडा विसाव्या घरातच सुरू. टीमक्सबाहेर चालवलं आणि सगळे आकडे एका रेषेत! चहा घेऊन आलो, तरी तेच टेबल बघत बसलो होतो.

टीमक्समध्ये चालवलं आणि परत वाकडं. तिथे मधे तिसरा हिशोबनीस बसलेला आहे, टीमक्स स्वतःचा ग्रिड, म्हणजे घरांचा तक्ता, ठेवतं, अक्षराला किती घरं हे स्वतः ठरवतं आणि बाहेरच्या टर्मिनलला आपल्या हिशोबाने रंगवायला लावतं. पेन बदलली किंवा स्क्रोल केलं की वाकडेपणाही बदलतो, हे सगळ्यात डोकं फिरवणारं. एमएलटर्म हे टर्मिनल घालून बघणार होतो, भारतीय लिप्यांचा विचार त्यात केलेला आहे, पण टर्मिनल बदललं तरी टीमक्स मधे राहणारच ना.

शेवटी उपाय निघाला तो इतका साधा की हसू आलं. नावाचा कॉलम शेवटी टाका! त्याच्या उजवीकडे काहीच नाही, मग सरकणार काय? प्रिंटला राइट फॉल्स द्या म्हणजे नावं डावीकडून सुरू होतात. रो-नेम्समध्ये (ओळींच्या नावांत) मात्र देवनागरी ठेवू नका, ती डावीकडेच छापली जातात. आरप्रोफाइलमध्ये (आर सुरू होताना वाचली जाणारी फाइल) एका ओळीचं फंक्शन टाकलंय, सॅप्लायने प्रत्येक कॉलम कॅरेक्टर आहे का ते काढायचं आणि त्यावर ऑर्डर लावायचं, फॉल्स आधी येतात, ट्रू मागे जातात, बाकी क्रम तसाच राहतो.

तालुका आणि जिल्हा असे दोन मराठी कॉलम असले की मात्र अडतं, त्यासाठी जिल्ह्याला कोड द्यायचा विचार होता, पण हे लिहिता लिहिताच सुचतंय की छापताना दोन्ही पेस्ट करून मधे स्वल्पविराम टाकला तर एकच कॉलम होतो आणि मूळ डेटाला हातही लागत नाही. कोडचा बेत रद्द. आज रात्री हेच करतो, आणि कुणी टिबलवर (डेटाफ्रेमचाच एक वेगळा प्रकार) हा प्रकार केला असेल तर सांगा, अरुंद पेनमध्ये ते शेवटचे कॉलम खाली नुसत्या नावापुरते ढकलतं, म्हणजे आमचा मराठी कॉलमच पहिला गायब.