सावकाश जळणारं पान

चांगली सिगार ओढायची नसते. धूर तोंडात घ्यायचा, जिभेवर घोळवायचा आणि सोडून द्यायचा. छातीपर्यंत त्याला जाऊ द्यायचं नाही. सिगारेटवाल्यांना हे जड जातं. सवयीने पहिलाच झुरका खोल घेतात आणि मग बराच वेळ ठसका आवरत बसतात. मी सिगारेटच्या वाटेला कधी गेलो नाही, त्यामुळे मोडायला सवयच नव्हती.

मित्राने क्यूबातल्या हवानाहून आणली होती ती रोबुस्तो. हे मापाचं नाव. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५०. हे ५० कशाचे, तर इंचाचे ६४ भाग करायचे आणि त्यातले ५० घ्यायचे. ही मोजणी ज्याने काढली त्याला कोपरापासून नमस्कार. हातात घेतली की वरच्या पानाच्या बारीक शिरा बोटांना लागतात. अंगठ्याने हलकंच दाबलं तर ती किंचित दबते आणि पुन्हा वर येते. कोरडी पडलेली असेल तर चरचरते, म्हणून तिला ६५ ते ७० टक्के दमटपणात ठेवतात. मुंबईकराला वाटेल, मग आपल्याकडे कपाटात ठेवली तरी चालेल. नाही चालणार. पावसाळ्यात बुरशी धरते आणि उकाड्यात तंबाखूतली कीड अंड्यातून बाहेर येऊन भोकं पाडते.

खरी गंमत आतल्या पानांची. एकाच झाडावरची पानं, पण खालचं वेगळं आणि वरचं वेगळं. बुडाकडचं, त्याला वोलादो म्हणतात, चवीला फिकं पण चटकन पेटणारं. मधलं सेको, सुवासाचं. शेंड्याकडचं लिहेरो भरपूर ऊन खाल्लेलं, जाड, तिखट आणि जळायला आळशी. म्हणून वळणारा कारागीर लिहेरो बरोबर मधोमध घालतो. ते कडेला सरकलं तर सिगार एका अंगाने जळत जाते. पानं तो चुण्या घालत मुठीत गोळा करतो, म्हणजे हवेला वाट राहते. मूठ जास्त आवळली तर गाल दुखेपर्यंत ओढा, धूर येत नाही. सैल सोडली तर भसाभस जळून तोंड भाजतं. सगळा हिशोब तळहाताचा. हत्यार म्हणाल तर चावेता नावाचं एक अर्धगोल पातं, त्याला मूठसुद्धा नाही.

जाणकार चवीची यादी सांगतात: कोको, देवदार, ओली माती, चामडं. चामड्याची चव यांनी कधी आणि कुठे घेतली हे विचारायची माझी फार इच्छा आहे. मला सुरुवातीला ओठांवर मिरी जाणवली. मग काताचा तुरटपणा. थोडा धूर नाकावाटे सोडला तेव्हा भाजलेल्या कॉफीचा वास आला. बाकी निम्मी यादी मिरवण्यासाठी असावी. पण एक खरं, अर्ध्यावर चव बदलते. आधीचा धूर उरलेल्या पानांतून गाळून येत असतो, त्यातला अर्क तिथेच साठतो आणि सिगार जड होत जाते. मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाई केली की कडवटपणा आलाच, आणि गप्पांत विसरलात तर ती विझते. राख सारखी झटकायची नाही. आत अख्खी लांब पानं असली की राख इंचभर तशीच धरून राहते.

मला सिगारपेक्षा तिच्या कारखान्याचं जास्त कौतुक आहे. १८६५ साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांना वाचून दाखवायला माणूस बसू लागला. उंच आसनावरून आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे. सरकारला अर्थातच हे खुपलं आणि वर्षभरात बंदी आली. तरी प्रथा मेली नाही, क्यूबातल्या कारखान्यांत आजही असे वाचून दाखवणारे आहेत. मोंटेक्रिस्तो हे सिगारच्या ब्रँडचं नाव फ्रेंच लेखक ड्यूमाच्या 'द काउंट ऑफ मोंटे क्रिस्तो' या कादंबरीवरून पडलं, ते उगीच नाही. आपल्या सोलापूर-सिन्नरच्या बायका विडीसुद्धा हातानेच वळतात, दिवसाला हजाराच्या हिशोबाने. त्या विडीला उंची माल म्हणून कुणी काचेच्या कपाटात ठेवत नाही, आणि वळणारीला कुणी कादंबरीही वाचून दाखवत नाही.

कॅन्सरचं काय, असं घरून विचारलं गेलं. रास्त प्रश्न. धूर छातीत गेला नाही तरी तोंड आणि घसा आहेतच, आणि पान हाताने वळलंय म्हणून तंबाखू काही सूट देत नाही. रोजचं व्यसन करण्याची ही वस्तू नव्हे, आणि किमतीकडे पाहता माझ्याच्याने ते होणारही नाही.

शेवटचे दीड-दोन इंच सोडून द्यायचे असतात. इथे आपलं पैसे वसूल करणारं मन आडवं येतं. मित्र म्हणाला, "ठेव आता, पुढे नुसता कडू काढा आहे." मी बोटांना चटका बसेपर्यंत ठेवली नाही. मग मी ती रक्षापात्रात चिरडायला गेलो तर त्याने हात धरला. चिरडली की घाण वास सुटतो, नुसती ठेवली की आपोआप विझते. त्या रात्री दोनदा दात घासले, मूठभर बडीशेप खाल्ली. तरी सकाळचा आल्याचा चहा काही लागला नाही.