नोंद ९ : माझे सहा स्क्रू, हबलचे १११

माझ्या दुर्बिणीचा आरसा धुऊन परत बसला, आणि तो धरणारे सहाही स्क्रू जागेवर आहेत. हे आधी सांगतो, कारण मागच्या वेळी दोन स्क्रू खोपडीसमोरच्या गवतात गेले ते गेलेच. ऐन अमावास्येच्या आठवड्यात सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) नुसती पडून राहिली.

यंदाची युक्ती हबल या अवकाश दुर्बिणीच्या दुरुस्तीतून घेतली. तिच्यावरचा स्टिस हा वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं यंत्र, २००४ मध्ये बंद पडला. अवकाशात उघडायचा म्हणून तो बनवलेलाच नव्हता. झाकणाला १११ बारीक स्क्रू. हातात जाड मोजे, आणि एखादा स्क्रू तरंगत आत गेला तर यंत्राचं वाटोळं. म्हणून नासानं झाकणावर बसणारी पारदर्शक प्लेट केली. तिची भोकं एवढीच, की पान्याचं टोक आत जावं पण स्क्रूचं डोकं बाहेर येऊ नये. मे २००९ मध्ये अंतराळवीर माइक मॅसिमिनो यांनी ती वापरून सगळे स्क्रू काढले. घोडं अडलं ते त्याआधी, झाकणावरच्या हातानं धरायच्या साध्या कठड्याच्या एका बोल्टवर! त्याचं डोकं झिजलं, पाना फिरेना. शेवटी त्यांनी कठडा हातानं उपटला. मला हा प्रसंग सगळ्यात आवडतो, कारण एवढी तयारी बारीक स्क्रूंची होती आणि अडवलं मोठ्या बोल्टनं.

माझी प्लेट म्हणजे फाईलचं पारदर्शक कव्हर. नळीच्या मागच्या टोकाला त्याचा पट्टा गुंडाळला, स्क्रूंवर तापल्या दाभणानं भोकं पाडली, पट्टा थोडा सैल ठेवला. पाच स्क्रू अलगद त्यात पडले. सहावा पावसाळ्यात गंजलेला. बॅटरी धरून बसलेले बाबा म्हणाले, "हयूहयू कर, घाई कायले करतं?" तेलाचा थेंब टाकून रात्रभर सोडला, सकाळी सुटला.

आरसा डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाच्या एका थेंबानं धुतला. कापूस मात्र मेडिकलमधला घ्या. वेचणी सुरू आहे, घर कापसानं भरलंय, पण वावरातल्या कापसात पानाचा, सरकीचा कचरा राहतो आणि तोच ओरखडे काढतो.

काल रात्री दहानंतर मृगातल्या तेजोमेघात ट्रॅपेझियम या छोट्या तारकागटाचे चारही तारे सुटे दिसले. किती वेळ बघत बसलो, कळलंच नाही.

पुढचं काम दुय्यम आरशाचं, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या आरशाचं. तिथं ॲलन पाना (षटकोनी टोकाचा) हातून सुटला तर थेट मुख्य आरशावर जातो. अंतराळवीर हत्यारं दोरीनं बांधूनच बाहेर पडतात. मीही पाना सुतळीनं मनगटाला बांधणार आणि नळी आडवीच ठेवणार.