मागचे आसन

रविवार, रात्र

वायुदलात शिकणारा भाचा दोन दिवसांची रजा घेऊन बीदरहून आला होता, तो आज दुपारच्या गाडीने परत गेला. उमरगा, हुमनाबाद करत जाणारा हा रस्ता सोलापूरकरांना काही लांबचा नाही, पण त्याला रजाच क्वचित मिळते. म्हणून त्याने सांगितलेले विसरण्याआधी लिहून ठेवतो आहे.

काल जेवणानंतर गच्चीवर त्याने वाटीतले नऊ शेंगदाणे काढून चटईवर शंकरपाळ्याच्या आकारात मांडले. "मामा, हे सूर्यकिरण पथक. सगळ्यांत पुढचा तो नेता. बाकीच्यांनी आपल्या शेजारच्या विमानावरून नजर हलवायची नाही." दोन विमानांत जेमतेम पाच मीटर अंतर असते, हे दाखवताना त्याने दाणे एकमेकांना जवळजवळ चिकटवले.

हवाई कसरती करणारे हे पथक १९९६ मध्ये बीदरला उभे राहिले. वायुदलात ते ५२ वी स्क्वॉड्रन म्हणून ओळखले जाते आणि त्यातले वैमानिक मुळात उड्डाण शिकवणारे प्रशिक्षक असतात. त्यांचे पहिले विमान 'किरण'ही प्रशिक्षणाचेच; त्यात गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात.

लोकांना त्यांच्या कसरती आठवतात, मला मात्र २०११ साल अधिक मोलाचे वाटते. नवशिक्यांच्या 'एचपीटी-३२' या विमानाचे इंजिन हवेत बंद पडण्याच्या घटना वारंवार घडत होत्या आणि त्यात संकटकाळी बाहेर फेकणारे आसनही नव्हते. जुलै २००९ मध्ये हैदराबादजवळ दोन प्रशिक्षक मृत्युमुखी पडले, तेव्हा ती सर्व विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. तोवर या विमानाने १९ वैमानिकांचा बळी घेतला होता. मग अगदी पहिले धडेही 'किरण'वरच देण्याची वेळ आली, विमाने अपुरी पडू लागली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये बंगळुरूच्या प्रदर्शनानंतर सूर्यकिरणने कसरती थांबवून आपली विमाने शिकणाऱ्या मुलांसाठी दिली. ज्यांच्यासाठी हजारो लोक माना वर करून उभे राहत, त्यांनी तो मान बाजूला ठेवला, याचे मला फार अप्रूप आहे. २०१३ मध्ये स्विस बनावटीची 'पिलाटस' विमाने आली, नवशिक्यांची सोय झाली, आणि २०१५ मध्ये पथक 'हॉक' विमानांवर पुन्हा उभे राहिले.

'हॉक'ची कथा मात्र मनाला लागते. अशा प्रगत प्रशिक्षण विमानाची शिफारस १९८० च्या दशकातच झाली होती. खरेदीचा करार झाला २००४ मध्ये. मधल्या काळात मुले थेट अतिवेगवान 'मिग-२१'वर चढत राहिली. हा उशीर मला आजही क्षम्य वाटत नाही. विमाने अखेर २००८ मध्ये बीदरला दाखल झाली. पुढे अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकही तिथेच त्यांवर तयार झाल्या.

भाचा सध्या त्याच विमानावर शिकतो आहे. 'हॉक'मध्ये गुरू मागच्या, थोड्या उंच आसनावर असतात. ते दिसत नाहीत, कानात त्यांचा आवाज तेवढा येतो. बसथांब्यावर मी त्याला विचारले, "लढाऊ विमान मिळाल्यावर पुढे काय करायचे ठरवले आहेस?"

पिशवीतली शेंगाचटणी नीट सरळ ठेवत तो म्हणाला, "मामा, एक दिवस मागे बसायचे आहे."